विश्वकिरणांचे अभ्यासक डॉ. होमी भाभा

वाचकहो, डॉ. होमी जहांगीर भाभा हे नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? आठवीच्या वर्गात नुसता प्रश्न टाकला तरी दहा-पंधरा हात वर होतात आणि एकमुखाने उत्तर येते की, भाभा म्हणजे भारताच्या अणुशक्तीचे जनक. उत्तर बरोबर आहे. त्याला पूर्ण गुण द्यावेच लागतात. पण मुलांना पुढे विचारावे की, अणुशक्ती मंडळ स्थापन होण्यापूर्वीच, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने या तरुणाला आपले सभासदत्व कशासाठी दिले, तर वर्ग चिडीचूप होतो. तो सन्मान मिळाला १९४१ साली, आणि तुर्भ्याची पहिली अणुभट्टी सुरू झाली १९५६ साली. मधल्या पंधरा वर्षांचा हा हिशेब पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. भाभांची मूळची विद्या होती विश्वकिरणांची. त्या विद्येचे पुढे काय झाले आणि आज लडाखच्या बर्फाळ पठारावर ती कशी उभी आहे, हे आपणांस सांगावे एवढाच या लेखाचा हेतू.

होमींचा जन्म मुंबईत ३० ऑक्टोबर १९०९ रोजी एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. आजोबा हर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर जनरल होते, वडील जहांगीर बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पुस्तकांची रेलचेल आणि पाश्चात्य संगीताच्या तबकड्यांचा मोठा संग्रह. कॅथीड्रल स्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशी शिक्षणाची वाट संपवून १९२७ साली ते केंब्रिजला गेले ते इंजिनियर होण्यासाठी. वडिलांचा व दोराबजींचा बेत ठरलेला होता. मुलाने यंत्रशास्त्राची पदवी घ्यावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जबाबदारीची जागा सांभाळावी.

येथेच पहिला पेच पडला. केंब्रिजच्या हवेत त्या दिवसांत पदार्थविज्ञानाचे वारे वाहत होते. डिरॅकसारखा गणिती तेथे शिकवीत होता, रदरफोर्डच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अणूचे अंतरंग उलगडत होते. होमींनी वडिलांना पत्र लिहून स्पष्ट कळविले की, कारखानदारी आपल्या स्वभावाला मानवणारी नाही, आपला जीव पदार्थविज्ञानात आहे. आपल्याकडे अशा पत्राला काय उत्तर जाते हे पालकांना सांगावयास नको! पण जहांगीर भाभांनी धमकीही दिली नाही आणि लगेच होकारही दिला नाही. त्यांनी अट घातली की, इंजिनियरिंगची परीक्षा आधी पहिल्या वर्गात पास हो, म्हणजे गणिताच्या अभ्यासाचा पुढचा खर्च मी देईन. १९३० साली होमींनी पहिला वर्ग मिळविला आणि वडिलांनी शब्द पाळला. शिक्षकाच्या नात्याने मला या पित्याविषयी फार आदर वाटतो. मुलाची जिद्द खरी की नुसती लहर, हे पारखून घेण्याची ही रीत मोठी शहाणपणाची होती.

आता थोडे विश्वकिरणांविषयी. १९१२ च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टर हेस नावाचा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ बलूनमध्ये बसून सुमारे ५,३०० मीटर उंच गेला. हवेत विद्युतभार निर्माण करणारे किरण जमिनीतून येत असावेत असा तेव्हा समज होता. तसे असते तर वर जाताना ते कमी व्हावयास हवे होते. हेसच्या उपकरणांनी उलटच दाखविले. जितके उंच जावे तितके किरण जास्त. म्हणजे ते वरून, अवकाशातून येत होते. पुढे कळले की यांतील बहुतेक म्हणजे प्रचंड वेगाने धावणारे हायड्रोजनचे अणुकेंद्र, अर्थात प्रोटॉन होत. वातावरणाच्या माथ्यावर ते हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्यातून नवे कण जन्माला येतात. वाचकहो, आपण या ओळी वाचत असता आपल्या तळहातातून दर सेकंदाला असा एखाद-दुसरा कण आरपार जात आहे.

तिसाच्या दशकात शास्त्रज्ञांना एका गोष्टीने कोड्यात टाकले होते. प्रयोगशाळेत शिशाचा पत्रा ठेवला की कधी कधी त्याखालून एकाएकी दहा, वीस, पन्नास कणांची सर कोसळताना दिसे. वर तर एकच कण आलेला. मग खाली एवढे आले कोठून? कोणी म्हणे की, अणूचाच स्फोट होऊन सगळे कण एकदम बाहेर पडत असावेत. भाभांचा पहिला निबंध १९३३ साली विश्वकिरणांच्या शोषणावरच एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता, तेव्हा हे कोडे त्यांच्या चांगले ओळखीचे होते. मधल्या काळात त्यांनी झुरिचला पाउली आणि रोमला फर्मी यांच्याकडे राहून काम केले, डॉक्टरेट मिळविली, आणि इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांजवळून जाताना कसे विखुरतात याचे सूत्र मांडले. ते आजही जगभर भाभांच्याच नावाने ओळखले जाते. नंतर १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी त्या कणांच्या सरीचे गणित सोडविले. हाइटलर हे हिटलरच्या राजवटीमुळे जर्मनी सोडून इंग्लंडमधील ब्रिस्टलला आश्रयास आलेले शास्त्रज्ञ होते.

हे गणित समजण्यास अवघड असले तरी त्यातील कल्पना बाजारातल्या सुट्या पैशांसारखी आहे. एक वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना अडखळतो आणि आपल्या ऊर्जेचा मोठा वाटा एका गॅमा किरणाच्या रूपाने टाकून देतो. तो गॅमा किरण पुढे दुसऱ्या अणुकेंद्रापाशी नाहीसा होतो व त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन अशी जोडी निर्माण होते. ही जोडी पुन्हा गॅमा किरण टाकते, ते पुन्हा जोड्या निर्माण करतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पाचशेची नोट मोडून शंभराच्या, शंभराच्या मोडून दहाच्या करीत जावे तसे. रक्कम तीच राहते, नोटा मात्र वाढत जातात. शेवटी इतकी चिल्लर उरते की तिने काहीच विकत घेता येत नाही. तसे कणांची ऊर्जा फार लहान झाली की नवे कण जन्मत नाहीत, आहेत ते थांबतात आणि सर विरून जाते. किती जाडीच्या थरानंतर किती कण असतील, सर कोठे भरास येईल आणि कोठे ओसरेल, हे सारे भाभा-हाइटलर यांनी आकड्यांत मांडून दाखविले. एकदम स्फोट मानण्याची गरजच उरली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे हेच उत्तर काढले, हेही सांगितले पाहिजे. श्रेय दोघांचेही आहे.

या गणितातून आणखी एक गोष्ट निघाली. विश्वकिरणांतील काही कण शिशाचे जाडजूड थर भेदून सहज पलीकडे जात. भाभांच्या हिशेबाप्रमाणे इलेक्ट्रॉन इतके टिकूच शकत नव्हते. तेव्हा हे कण इलेक्ट्रॉनहून जड असे काही निराळेच असले पाहिजेत. त्यांना आज आपण म्यूऑन म्हणतो. १९३८ मध्ये भाभांनी दाखवून दिले की असा अल्पायुषी कण अतिशय वेगात असेल, तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे त्याचे आयुष्य आपल्याला लांबलेले दिसेल. म्यूऑनचे आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सव्वादोन पट एवढेच. त्या वेळात तो सहा-सातशे मीटरपलीकडे जाऊ नये. प्रत्यक्षात मात्र दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मून तो जमिनीपर्यंत पोचतो. मघाशी आपल्या तळहातातून गेलेले बहुतेक कण हेच.

१९३९ साली भाभा सुटीसाठी हिंदुस्थानात आले आणि युद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन होते, तेथे भाभांना रीडरची जागा मिळाली आणि टाटांच्या न्यासाच्या मदतीने विश्वकिरण संशोधनाचा एक छोटा विभाग सुरू झाला. केंब्रिजची सामग्री कोठे आणि हे कोठे! पण दक्षिण हिंदुस्थानाला निसर्गाने एक देणगी दिलेली आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ जाते. तेथे कमी ऊर्जेचे विश्वकिरण पृथ्वीच्या चुंबकत्वाने बाजूला वळविले जातात व जास्त ऊर्जेचेच तेवढे आत येतात. जी मोजमापे इंग्लंडमध्ये होऊ शकत नव्हती ती बंगलोरला होऊ शकत होती. युद्धाच्या धामधुमीत भाभांनी अमेरिकन हवाई दलाच्या विमानांतून सुमारे तीस हजार फुटांपर्यंत गायगर काउंटर पाठवून मोजमापे घेतली. विक्रम साराभाईही त्याच काळात बंगलोरला विश्वकिरणांचे काम करीत होते.

माझ्या मते भाभांच्या आयुष्यातील निर्णायक वर्षे हीच. केंब्रिजचा मोहरा, युद्ध संपताच परदेशी परतावयाचे असेच त्यांनाही आरंभी वाटत होते. पण काही वर्षांत त्यांचे मत बदलले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना एक सविस्तर पत्र लिहिले. मूलभूत पदार्थविज्ञानाची उत्तम संस्था देशात नाही, ती उभारावी. पुढे अणुशक्ती वीजनिर्मितीसाठी वापरली जाईल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, असा त्याचा आशय होता. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हा जवळजवळ सतरा महिने अवकाश होता हे ध्यानात घ्यावे. न्यासाने होकार दिला. १ जून १९४५ रोजी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ही संस्था बंगलोरला सुरू झाली आणि त्या वर्षअखेर मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली. त्याच वास्तूत होमींचा जन्म झाला होता.

पुढील कारकीर्द सर्वश्रुत आहे, म्हणून ती थोडक्यात आटोपतो. १९४८ मध्ये अणुशक्ती मंडळाचे अध्यक्षपद, १९५४ मध्ये पद्मभूषण, १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुशक्ती परिषदेचे अध्यक्षस्थान, ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी. या सगळ्या धबडग्यात विश्वकिरणांवर स्वतः बसून गणिते करण्यास त्यांना वेळ उरला नाही. पण त्यांनी तो विषय मरू दिला नाही. तरुण शास्त्रज्ञांना त्यांनी बलूनमधून वर पाठविण्याची उपकरणे करण्यास लावले, उटकमंडच्या डोंगरावर प्रयोगशाळा उभारली आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत उपकरणे उतरविली. खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, जेथे बाकीचे सगळे किरण गाळून जातात, तेथे १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या. जगात या न्यूट्रिनोंचा असा पुरावा प्रथमच मिळालेल्या दोन ठिकाणांपैकी ते एक होते. दुसरे दक्षिण आफ्रिकेतील खाण.

येथे आपल्या समाजाला जवळची अशी एक नोंद करावीशी वाटते. भाभांच्या संस्थेत काम केलेले प्रा. पियारा सिंग गिल हे पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्रमुख झाले आणि विश्वकिरणांचा अभ्यास त्यांनी तेथेही रुजविला.

भाभांवर टीकाही झाली, आणि ती सगळीच अनाठायी होती असे म्हणवत नाही. कलकत्त्याचे थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचे म्हणणे असे की, संशोधन विद्यापीठांत व्हावे, सरकारचा पैसा तेथे जावा. भाभांनी निवडक माणसांच्या स्वतंत्र संस्था उभ्या केल्या. त्या उत्तम चालल्या यात शंका नाही. परंतु जो विद्यार्थी जिल्ह्याच्या गावी बी. एस्सी. होतो त्याच्यापासून संशोधन दूर गेले, हेही खरे. आमच्यासारख्यांना त्याची झळ रोज जाणवते.

माणूस म्हणून भाभा रसिक होते. ते स्वतः उत्तम चित्रे काढीत. कुलाब्याला समुद्रकाठी त्यांच्या संस्थेची इमारत उभी राहिली, तिचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते जानेवारी १९६२ मध्ये झाले. तिच्या दर्शनी दालनासाठी मकबूल फिदा हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र घेण्यात आले. बांधकामाच्या आड झाड आले तर ते तोडू न देता मुळासकट उचलून दुसरीकडे लावावयास ते सांगत. लग्न त्यांनी केले नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीस निघालेले भाभा ज्या विमानात होते ते एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील सर्व ११७ माणसे मृत्युमुखी पडली. भाभा ५६ वर्षांचे होते. या अपघाताभोवती नाना तर्क रचले गेले व अजून रचले जातात; फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मात्र असा होता की, विमान पर्वत ओलांडून गेले की नाही याविषयी वैमानिक आणि जमिनीवरील नियंत्रक यांच्यात गैरसमज झाला. १९६७ मध्ये तुर्भ्याच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले.

आता लडाखकडे वळू. विश्वकिरण सापडून शंभरावर वर्षे झाली तरी ते नेमके कोठून येतात, हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. अडचण अशी की प्रोटॉनवर विद्युतभार असतो, त्यामुळे आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रात त्याची वाट वळत राहते. पोस्टाचा शिक्का पुसट झालेल्या पत्रासारखी त्याची गत होते. पत्र हाती पडते, पण धाडले कोणत्या गावाहून ते कळत नाही. ज्या ठिकाणी विश्वकिरणांना वेग मिळतो तेथेच गॅमा किरणही निर्माण होतात, आणि त्यांवर विद्युतभार नसल्याने ते सरळ येतात. त्यांची दिशा कळली की गाव कळले. पण वातावरण गॅमा किरणांना जमिनीपर्यंत येऊ देत नाही. मग जमिनीवरील दुर्बिणीने त्यांना पाहावे कसे?

उत्तर १९३७ च्या त्या गणितात आहे. गॅमा किरण वातावरणात शिरताच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होते आणि भाभांची ती सर सुरू होते. या वेळी शिशाच्या जागी हवा असते एवढेच. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर सर भरास येते. तिच्यातील कण हवेतल्या प्रकाशाच्या वेगापेक्षाही किंचित जलद धावत असतात, आणि जलद होडीच्या नाळेपाशी पाण्याची लाट उठते तसा त्यांच्यापासून निळसर प्रकाश उठतो. रशियन शास्त्रज्ञ चेरेन्कोव यांच्या नावाने तो ओळखला जातो. जमिनीवर शंभर-सव्वाशे मीटर त्रिज्येच्या वर्तुळात तो क्षणभर पडतो. क्षणभर हाही शब्द मोठाच. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतील पाच-दहा भाग. वातावरणात असा प्रकाश असला पाहिजे असे ब्लॅकेट यांनी १९४८ मध्ये सांगितले आणि १९५३ मध्ये गॅलब्रेथ व जेली यांनी इंग्लंडमध्ये कचऱ्याच्या डब्यात एक लहानसा आरसा बसवून तो प्रत्यक्ष टिपला. या मार्गाने एखाद्या आकाशस्थ उगमाचा पक्का पत्ता लागण्यास मात्र १९८९ साल उजाडले. अमेरिकेतील ॲरिझोनात दहा मीटर व्यासाच्या दुर्बिणीने क्रॅब तेजोमेघातून येणारे गॅमा किरण ओळखले.

खरी कसोटी निवडीची असते. एका गॅमा किरणामागे प्रोटॉनच्या हजारो सरी येतात आणि त्याही तसाच प्रकाश देतात. पण प्रोटॉनच्या सरीत नाना जातींचे कण मिसळलेले असल्याने तिचे चित्र पसरट व वेडेवाकडे उमटते. गॅमा किरणाची सर म्हणजे जवळजवळ निव्वळ इलेक्ट्रॉन, पॉझिट्रॉन आणि गॅमा. तिचे चित्र लांबट, नीटस असते. हजारो वेड्यावाकड्या चित्रांतून ही नीटस चित्रे वेचावयाची.

आपल्या देशात हे काम १९६९ च्या सुमारास भाभांच्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी उटकमंडला आरंभिले, पुढे ते सातपुड्यातील पचमढीला नेले. भाभा अणुसंशोधन केंद्राने गुलमर्गला आणि नंतर अबूच्या पहाडावर दुर्बिणी उभारल्या. लडाखमधील हानले येथे २००८ पासून सात दुर्बिणींचा एक संच काम करू लागला. त्याच हानलेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राने हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या साहाय्याने मेस नावाची महादुर्बीण उभी केली. तिच्या तबकडीचा व्यास २१ मीटर, वजन सुमारे १८० टन आणि कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या १,०८८ नळ्या. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. आपल्या प्रकारातील ती आशियातील सर्वांत मोठी दुर्बीण आहे.

इतक्या उंचीवर जाण्याचे कारण म्हणजे तेथे दुर्बीण सरीच्या अधिक जवळ जाते, त्यामुळे मंद चमकही निसटत नाही. चांदण्या रात्रीचा प्रकाश तिला बाधतो, म्हणून ती बहुधा अंधाऱ्या रात्रीच काम करते. तिचे पहिले लक्ष्यही क्रॅब तेजोमेघच होते. इ. स. १०५४ साली चीनच्या ज्योतिष्यांनी दिवसाही दिसणारा जो पाहुणा तारा नोंदविला, त्याचा तो अवशेष. हिवाळ्यात रात्री वृषभ राशीतील बैलाच्या शिंगाच्या टोकाजवळ त्याची जागा आहे, साध्या डोळ्यांना मात्र तो दिसत नाही. तो आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे. तेथून निघालेला गॅमा किरण एवढा प्रवास सरळ रेषेत करून येतो आणि हानलेच्या आकाशात शिरताच त्याची जोडी होते, एकाचे दोन, दोनाचे चार.